पिल्लाला गर्दीत नेऊ नका, गर्दीच्या कडेला बसवा

सात-आठ महिन्यांचं कुत्रं घेऊन लोक विचारायला येतात. अनोळखी माणूस दिसला की भुंकतंय, गाडी आली की दोरी ओढून पळतंय, डॉक्टरांच्या टेबलावर चढवलं की दात दाखवतंय. "लहानपणापासून सगळीकडे नेलं होतं हो, खरं असं कसं झालं?" हे वाक्य मी बेळगावात टिळकवाडीत ऐकलंय, येळ्ळूरमध्ये ऐकलंय, निपाणीतही ऐकलंय. चूक बहुतेक वेळा त्या 'सगळीकडे नेलं' मध्येच असते. पिल्लाला नेलेलं असतं, पण ते तिथं निवांत होतं का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

माझ्याकडून हीच चूक झाली. आमची पहिली कुत्री राणी दहा आठवड्यांची असताना मी तिला काखेत घेऊन विसर्जन मिरवणूक बघायला गेलो. ती थरथरत होती आणि मी तिला घट्ट धरून "काही नाही, काही नाही" म्हणत अर्धा तास तिथंच उभा राहिलो. पुढं बारा वर्षं ढोलाचा पहिला ठोका पडला की ती कॉटखाली जायची. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं करा. एखादा टप्पा लांबला तरी चालेल, पण गाळू नका.

टप्पा १: पिल्लू आणण्याआधीची तयारी

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावरच आणा. आपल्याकडे चार-पाच आठवड्यांचं पिल्लू पोत्यात घालून आणायची पद्धत आहे. ती सोडा. चावताना जोर किती लावायचा, समोरचा केकाटला की थांबायचं, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. ते आपल्याला तितकं चांगलं शिकवता येत नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनीही बंदी आहे.

सामान थोडंच लागतं. छातीवरून जाणारा पट्टा, पाच-सहा फुटांची कापडी दोरी (साखळी नको, तिचा आवाज आणि वजन दोन्ही पिल्लाला त्रासाचं), एक जुनी चादर, झाकण नसलेली खोल बुट्टी, आणि कमरेला बांधायची खाऊची पिशवी. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे. शाकाहारी घरात पनीर चालतं. बिस्किटावर भागवू नका. बाजाराच्या गलबल्यात बिस्किटाकडे पिल्लू बघतही नाही.

सावधान: चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा कुत्र्याला विषारी आहेत. घरी कुंद्याचा, म्हणजे बेळगावी खव्याच्या मिठाईचा, डबा उघडला की पिल्लाला चमचाभर देणारा एक तरी माणूस असतोच. त्याला आधीच सांगून ठेवा, एवढ्या साखरेनं पिल्लाचं पोट बिघडतं.

आता शब्द. याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि सीमाभागात तर ते फार महत्त्वाचं आहे. घरात मराठी, शेजारी कन्नड, मुलं शाळेतून इंग्रजी घेऊन येतात. त्यामुळे पिल्लाला आई "ये" म्हणते, शेजारच्या काकू "बा" म्हणतात, मुलगा "कम" म्हणतो. पिल्लाच्या कानाला हे तीन वेगळे आवाज आहेत. त्यात "बस" हा शब्द आपण दिवसभर वापरतो: बस झालं, बस आली, बस की आता. तोच पिल्लाला खाली बसायला सांगताना वापरला तर आठवड्याभरात त्याचा अर्थच उरत नाही. मी "बैस" वापरतो, आणि बोलवायला "यू-यू". घरातल्या सगळ्यांनी मिळून चार शब्द ठरवा, ते कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा, शेजाऱ्यांनाही सांगा.

दोन शब्द मात्र पूर्ण बंद. एक "हाड". गल्लीतला प्रत्येक माणूस कुत्र्याला हा शब्द दगड उचलताना म्हणतो, तो घरात ऐकू आला तर पिल्लानं कुणावर भरवसा ठेवायचा? दुसरा "छू". मुलं खेळात कोंबडीवर नाहीतर सायकलवाल्यावर पिल्लाला छू म्हणून सोडतात. सहा महिन्यांनी तेच कुत्रं कुणाची पोटरी धरतं आणि मार कुत्र्याला बसतो.

टप्पा २: घराच्या आत, पहिले आठ-दहा दिवस

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नवं जग सहज स्वीकारतं. त्यानंतर अनोळखी गोष्टीकडे ते आधी संशयानं बघायला लागतं. म्हणजे आठव्या आठवड्यात घरी आणलंत तर तुमच्या हातात जेमतेम महिना-दीड महिना असतो. तो "थोडं मोठं होऊ दे, मग शिकवू" म्हणण्यात घालवू नका.

सुरुवात आवाजांपासून करा. कुकरची शिट्टी, मिक्सर, पत्र्यावरचा पाऊस. मिक्सर आधी शेजारच्या खोलीत, दार लावून. आवाज सुरू झाला की तुकडा, थांबला की तुकडा बंद. दोन दिवसांनी दार उघडं ठेवा, आणखी दोन दिवसांनी पिल्लू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

मग पायाखालची जमीन: शहाबादी फरशी, गुळगुळीत टाईल्स, वाळू, सारवलेलं अंगण, ओली माती, लोखंडी जाळी. फक्त टाईल्सवर वाढलेलं पिल्लू पहिल्या पावसात चिखलाच्या कडेला आडून बसतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर चिखल चुकत नाही. माणसाचे वेशही घरातच दाखवा. छत्री, रेनकोट, हेल्मेट, शेतावर जाणाऱ्याची प्लास्टिकची खोळ, हातात काठी, डोक्यावर भारा. छत्री मिटलेली जमिनीवर ठेवा, वास घेऊ द्या, मग लांबून हळू उघडा. तोंडासमोर फाडकन उघडू नका.

आणि रोज दोन मिनिटं हाताळणी. पंजा धरा, तुकडा. कान उलटा करा, तुकडा. ओठ वर करून दात बघा, तुकडा. आपल्या पावसाळ्यात गोचीड हमखास लागतात. ज्या कुत्र्याला बोटांच्या मधल्या जागेत हात लावू देण्याची सवय नाही, त्याचे गोचीड तुम्ही काढणार कसे?

तपासा: पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतंय का? झोप कमी झाली की ते चावरं आणि चिडकं होतं, आणि लोक त्याला वाईट स्वभाव म्हणतात. दिवसात एक, फार तर दोन नव्या गोष्टी पुरेत, आणि एकेकीला तीन ते पाच मिनिटं.

टप्पा ३: काखेतून आणि बुट्टीतून बाहेर

इथं प्रत्येकजण अडतो. डॉक्टर म्हणतात लस पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका, आणि लस पूर्ण होते तेव्हा सवयीचं वय सरलेलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास. तुमच्या पिल्लाचं नेमकं वेळापत्रक डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो. त्यामुळे गल्लीतली गटार, कचराकुंडी, भटकी कुत्री बसतात तो कोपरा, तिथं पिल्लाचे पाय लागता कामा नयेत.

पण डोळे, कान, नाक तिथं जाऊ शकतात. पहिल्या डोसनंतर आठवडाभरानं पिल्लाला बुट्टीत चादर घालून बसवा आणि घरासमोरच्या कट्ट्यावर घेऊन बसा. दूधवाला, शाळेची रिक्षा, भाजीची गाडी, देवळाची घंटा. दहा मिनिटं बसून आत या. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या गल्लीत, नातेवाइकांच्या अंगणात (त्यांच्या कुत्र्याची लस झालेली असेल तरच), एखाद्या शांत देवळाच्या बाहेरच्या पायरीवर. पायरीवर पिल्लू तुमच्या मांडीवरच.

सावधान: स्कूटरच्या पायापाशी पिल्लाला मोकळं उभं करून नेऊ नका. एक हॉर्न वाजला की ते उडी मारतं. मागं बसलेल्या माणसाच्या मांडीवर बुट्टी, नाहीतर रिक्षा.

टप्पा ४: जमिनीवर पाय, आणि अंतराचा हिशेब

शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी जमिनीवर सोडायचं ते डॉक्टरांना विचारा, सहसा एक-दोन आठवडे थांबायला सांगतात. पहिली जागा निवांत हवी. शेताचा बांध, शाळा सुटल्यानंतरचं मैदान, कॅम्पातला एखादा झाडीचा रुंद रस्ता. खडे बाजार, गणपत गल्ली, शनिवार खूट या गजबजलेल्या जागा आत्ता नकोत. खानापूरच्या जंगलपट्ट्यात राहत असाल तर पहाटे आणि तिन्हीसांजेला झुडपांच्या कडेनं फिरणं टाळा. बिबट्याला कुत्रं सोपं सावज वाटतं, आणि २०२२ च्या ऑगस्टात तो बेळगाव शहरातल्या गोल्फ मैदानाच्या परिसरापर्यंत आलेला आपण पाहिलाय.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. उदाहरण उसाच्या ट्रॅक्टरचं घेऊ, कारण निपाणी-चिकोडीकडे हंगाम सुरू झाला की ते चुकवता येत नाहीत. दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, आणि वर कर्कश स्पीकर.

१. रस्त्यापासून साधारण पन्नास पावलांवर बांधावर बसा. दोरी सैल ठेवा. ताणलेली दोरी पिल्लाला सांगते की काहीतरी बिघडलंय.

२. ट्रॅक्टर दिसेपर्यंत खाऊ पिशवीत. हात पिशवीवर सुद्धा नको.

३. पिल्लानं ट्रॅक्टर पाहिला, कान टवकारले, की लगेच तुकडा. ट्रॅक्टर जाईपर्यंत एकामागून एक तुकडे.

४. ट्रॅक्टर गेला की तुकडे बंद. गप्प बसा.

५. पुढचा ट्रॅक्टर. पुन्हा तेच. असे चार-पाच झाले की घरी.

काही दिवसांनी पिल्लू ट्रॅक्टर बघतं आणि आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघतं: "आला बघ, कुठाय माझा तुकडा?" हे दोन दिवस सलग दिसलं की पाच पावलं पुढं सरका. त्याआधी नको. एकदा पुढं सरकल्यावर पिल्लू दबलं, तर दहा पावलं मागं या आणि तिथून पुन्हा सुरू करा. यात वेळ वाया जात नाही.

क्रम उलटा करणं ही सर्रास होणारी चूक. आधी खाऊ दाखवायचा, त्याच्या नादानं पिल्लाला रस्त्याजवळ ओढायचं, आणि मग ट्रॅक्टर येतो. असं चार वेळा झालं की पिल्लाला चिकन दिसलं तरी धडकी भरते, कारण चिकननंतर काहीतरी भयंकर येतं असा त्याचा हिशेब बसतो. आधी ट्रॅक्टर, मग चिकन. बाजार, बँड, गुरांचा कळप, रेल्वे फाटक, सगळीकडे हाच क्रम.

तपासा: पिल्लू तुकडा घेतंय का? घरी जो तुकडा झडप घालून खातं तोच इथं तोंडात धरून टाकून देत असेल, किंवा बघतही नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. ताबडतोब मागं फिरा. त्याहून आधीच्या खुणाही असतात: झोप आलेली नसताना जांभई, सारखं ओठ चाटणं, कान मागं चिकटलेले, शेपटी पोटाखाली, एक पंजा उचलून थिजलेलं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं. दचकून दहा सेकंदांत सावरलं तर हरकत नाही. मिनिटभरानंतरही सावरलं नाही तर आजचा दिवस संपला.

गप्प बसलंय म्हणजे सवय झाली, असं समजू नका. राणी त्या मिरवणुकीत एकदाही भुंकली नव्हती.

हाच हिशेब घेऊन बाजाराला जा. पहिल्यांदा बाजार भरायच्या आधी, रिकाम्या गाड्या लागताना. मग भरता भरता, पण बाहेरच्या टोकाला. भर बाजाराच्या मध्यातून पिल्लाला नेण्याची गरज मला तरी आजवर पडलेली नाही. कडेला बसून निवांत बघणारं कुत्रं पुढं मध्यातूनही शांत चालतं.

टप्पा ५: माणसं

अनोळखी माणसानं पिल्लाला उचलायचं नाही. पिल्लानं त्याच्याकडे जायचं, आणि जायचं नसेल तर जायचं नाही. लोकांना हे सांगणं जड जातं, कारण पिल्लू बघून प्रत्येकाचे हात पुढं येतात. मी सरळ सांगतो: "काका, खाली बसा, हात मांडीवर ठेवा, ते येईल." आलं की छातीवर किंवा हनुवटीखाली तीन सेकंद खाजवायचं, हात काढायचा, आणि बघायचं. पिल्लू पुन्हा अंगाला लागलं तर अजून तीन सेकंद. बाजूला झालं तर संपलं. डोक्यावरून हात फिरवायचा नाही.

मुलांसाठी एक जास्तीचा नियम: पिल्लू जेवत असेल, झोपलं असेल किंवा बुट्टीत असेल तर हात नाही. आणि एका वेळी एकच मूल. सहा मुलं गोल करून उभी राहिली की पिल्लाला पळायला वाट उरत नाही.

अनोळख्याच्या हातून खाऊ देऊ नका. भित्रं पिल्लू तुकड्यासाठी जवळ जातं, तुकडा संपतो आणि आपण कुठं आलो हे त्याच्या लक्षात येतं. मग ते चावतं. खाऊ नेहमी मालकाच्या हातून, मालकाजवळ.

शेजारच्या मुधोळकडचं कारवानी पिल्लू ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा टप्पा दुप्पट सावकाश घ्यावा. ही जात परक्याचा स्पर्श लवकर पत्करत नाही, ओरडलेलं मनाला लावून घेते आणि हललेल्या वस्तूमागं धावते. तिला कुंपण नसलेल्या जागी मोकळी सोडू नका. आणि सशामागं सोडणं हा तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

टप्पा ६: गल्लीतली कुत्री, म्हशी, कोंबड्या

लस पूर्ण झालेलं, शांत स्वभावाचं, मोठ्या वयाचं एखादं कुत्रं ओळखीत शोधा. असं एक कुत्रं दहा दंगेखोर पिल्लांपेक्षा जास्त शिकवतं. दोघांना नाकासमोर नाक आणून भेटवू नका. दोन मालक, दोन सैल दोऱ्या, पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवून एकाच दिशेनं चाला. दहा मिनिटांनी अंतर आपोआप कमी होतं.

भटक्या कुत्र्यांचा घोळका आला तर पळू नका आणि पिल्लाला डोक्यावर उचलू नका, उचललं की ती उड्या मारतात. थांबा, पिल्लाला पायामागं घ्या, मूठभर खाऊ त्यांच्या बाजूला लांब फेका आणि तोंड त्यांच्याकडे ठेवून तिरपं मागं सरका. रस्ता बदलून घरी या.

सावधान: कुत्रं माणसाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. पिल्लाला चावलं असेल तर त्यालाही त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, आधी लस झालेली असली तरी.

म्हशीच्या मागच्या पायांपासून लांब. गोठ्याच्या दारात, ट्रॅक्टरच्याच पद्धतीनं: म्हैस दिसली, तुकडा. कोंबड्यांच्या बाबतीत पिल्लानं एकदाही पाठलागाची मजा चाखता कामा नये, म्हणून तीन-चार महिने अंगणात सुद्धा दोरी लावलेली असू द्या.

टप्पा ७: गाडी आणि दवाखाना

उभ्या गाडीत बसवा, तुकडा, उतरवा. मग इंजिन चालू करून. मग गल्लीच्या टोकापर्यंत. निघण्याआधी तीन तास पोट रिकामं ठेवा. पहिल्या चार-पाच फेऱ्या मजेच्या जागी संपू देत, दवाखान्याशी नकोत.

दवाखान्यात मात्र सुई नसतानाही जा. वजन करायचं, तुकडा द्यायचा, परत यायचं. गर्दी नसलेली वेळ आधी फोन करून विचारून घ्या.

टप्पा ८: ढोल, डॉल्बी, फटाके

पिल्लाला मिरवणुकीत नेऊ नका. गणपतीच्या नाही, शिवजयंतीच्या चित्ररथाच्या नाही, लग्नाच्या वरातीच्याही नाही. त्यानं तिथं असण्याचं काहीही कारण नाही. त्याला घरात राहून तो आवाज सोसता यावा एवढंच आपल्याला हवं.

सणाच्या दीड-दोन महिने आधी फोनवर ढोल आणि फटाक्यांचा आवाज लावा, इतका हळू की तुम्हालाच जेमतेम ऐकू येईल. आवाज सुरू, तुकडे सुरू. आवाज बंद, तुकडे बंद. दर दोन-तीन दिवसांनी फोनच्या आवाजाची एकच खूण वाढवा. कान मागं गेले की दोन खुणा कमी करा.

त्या दिवशी: फिरवणं दुपारीच उरकून घ्या. घराच्या आतली खोली, खिडक्यांना जाड चादरी, पंखा आणि टीव्ही चालू, कॉटखाली त्याची जागा. गच्चीवर किंवा अंगणात बांधून ठेवू नका, दिवाळीत दोरी तोडून पळालेली कुत्री दरवर्षी रस्त्यावर सापडतात. गळ्यात फोन नंबराची पट्टी हवीच. घाबरून जवळ आलं तर जवळ घ्या. "लाड केले की भीती वाढते" हे खरं नाही, आधारानं भीती वाढत नाही. ज्याला फार त्रास होतो त्याच्यासाठी औषधं आहेत, पण ती पशुवैद्यांना आधी विचारून. माणसाची झोपेची गोळी कधीही देऊ नका.

टप्पा ९: सहा महिन्यांनंतर

सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान कधीतरी कुत्रं अचानक जुन्याच गोष्टींना बुजायला लागतं. रोजच्या रस्त्यावरचं पोतं बघून भुंकतं, नेहमीच्या पोस्टमनवर गुरगुरतं. इथं बरेच जण ओरडतात, पट्ट्याला हिसके देतात, आणि आधीची सगळी मेहनत घालवतात. टप्पा ४ वर परत जा, पन्नास पावलांवर. या खेपेला पुढं सरकायला पहिल्यापेक्षा कमी दिवस लागतात.

गुरगुरणं दाबू नका. "मला हे नको आहे" हे ते गुरगुरून सांगतंय. ते सांगायचं बंद केलं की पुढच्या वेळी थेट चावेल.

आणि चांगलं मोकळं झालेलं कुत्रं दोन दिवसांत एकदम चिडकं झालं, हात लावू देईना, जेवण सोडलं, तर शिकवणं थांबवा आणि दवाखान्यात न्या. कानात पू, दाताचं दुखणं, गोचीडताप, काहीही असू शकतं. पावसाळ्यानंतर असं झालं तर आधी रक्त तपासून घ्या.